तुकड्यांचा नकाशा

भूगोल हा विषय फार दिवसांपासून पाठांतराचा समजला जात असे. देश, त्यांच्या राजधान्या, नद्या, पर्वत आणि बंदरे यांच्या लांबच लांब याद्या मुलांनी घोकाव्यात आणि विचारताच धडाधड म्हणून दाखवाव्यात, म्हणजे भूगोल आला, अशी पुष्कळांची समजूत होती. परंतु नुसत्या नावावरून स्थळाची ओळख होत नाही. एखाद्या गावातील सर्व घरमालकांची नावे एखाद्यास तोंडपाठ आहेत, पण कोणाच्या घराला लागून कोणाचे घर आहे, पाणवठा कोणत्या बाजूस आहे आणि वेशीकडे जाणारी वाट कोठून निघते, हे मात्र त्यास सांगता येत नाही. तर त्याला ते गाव माहीत आहे असे कोण म्हणेल? पृथ्वीच्या बाबतीतही तसेच आहे. कोणताही देश त्याच्या शेजाऱ्यांवरून, त्याच्या सीमांवरून आणि समुद्राशी त्याचे असलेले नाते पाहूनच खरा ओळखता येतो. हे नाते मुलांच्या ध्यानात सहज यावे, म्हणून निघालेल्या युक्त्यांपैकी एक फार मनोरंजक युक्ती म्हणजे तुकड्यांचा नकाशा.

ही युक्ती सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी लंडन शहरात प्रसिद्धीस आली. तेथे जॉन स्पिल्सबरी नावाचा एक तरुण कारागीर राहत असे. त्याचा जन्म १७३९ साली झाला. तांब्याच्या पत्र्यावर नकाशे कोरणे आणि त्यांचे छाप काढणे हा त्याचा व्यवसाय. इंग्लंडच्या राजाचा भूगोलतज्ज्ञ म्हणून नावाजलेला टॉमस जेफरीज याच्या हाताखाली त्याने उमेदवारी केली होती. स्वतःचा धंदा सुरू केल्यावर १७६० नंतरच्या काही वर्षांत त्याने एक नवी वस्तू विक्रीस ठेवली. छापलेला नकाशा तो महोगनी लाकडाच्या पातळ फळीवर चिकटवी, आणि बारीक पात्याच्या करवतीने ती फळी देशांच्या सीमारेषांवरून कापून काढी. प्रत्येक देशाचा एक स्वतंत्र तुकडा होई. हे सर्व तुकडे एका पेटीत भरून तो विकीत असे. मुलांनी ते बाहेर काढावेत आणि पुन्हा जुळवून अखंड नकाशा तयार करावा, अशी ही योजना होती. १७६६ च्या सुमारास त्याने केलेला युरोपचा असा नकाशा आजही जतन करून ठेवलेला आहे. जग, युरोप, आशिया, आफ्रिका, अमेरिका त्याचप्रमाणे इंग्लंड व वेल्स, स्कॉटलंड आणि आयर्लंड असे आठ प्रकारचे नकाशे तो विकीत असे. ज्यांना पूर्ण किंमत परवडत नसे, त्यांच्यासाठी समुद्राचे तुकडे वगळून केवळ भूमीचे तुकडे असलेला स्वस्त नकाशाही त्याच्याकडे मिळे.

त्याच सुमारास लंडनमध्ये मुलांना शिकविणाऱ्या काही व्यक्ती लाकडी नकाशे वापरीत असत. त्यामुळे ही कल्पना एकट्या स्पिल्सबरीच्या डोक्यातून निघाली असे ठामपणे म्हणता येत नाही. पण तिला धंद्याचे रूप देऊन तिचा प्रसार करण्याचे श्रेय त्यालाच दिले जाते. १७६९ साली, वयाच्या तिशीच्या सुमारासच, तो मरण पावला. परंतु त्याचा खेळ मागे राहिला आणि इतर कारागिरांनीही तो उचलला. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याच्या मुलांच्या शिक्षणाची व्यवस्था लेडी शार्लट फिंच या बाईंकडे होती. त्यांनी राजपुत्रांना व राजकन्यांना भूगोल शिकविण्यासाठी अशाच लाकडी नकाशांचा उपयोग केला. ते नकाशे ठेवण्याचे त्यांचे छोटेसे कपाट अद्याप सुरक्षित आहे.

या तुकड्यांमुळे शिक्षणात असा कोणता फरक पडला? भिंतीवर टांगलेल्या नकाशाकडे पाहताना डोळा एका देशावरून दुसऱ्या देशावर सहज घसरत जातो, आणि मन मात्र दुसरीकडेच असू शकते. तुकडा हातात आला की असे चालत नाही. तो उलटसुलट करून पाहावा लागतो. कोणती बाजू उत्तरेची आणि कोणती दक्षिणेची हे ठरवावे लागते. कोणती कड समुद्राची आहे आणि कोणत्या कडेला शेजारी देश बसावयाचा आहे, हे ओळखावे लागते. चुकीच्या जागी ठेवलेला तुकडा बसत नाही. तो रागावत नाही, गुणही कापीत नाही. केवळ बसत नाही. मग मूल स्वतःच आपली चूक शोधून काढते. अशा रीतीने जे कळते, ते हात, डोळे आणि बुद्धी या तिघांनी मिळून मिळविलेले असते. म्हणून ते विस्मरणात जाणे कठीण असते.

काही देशांचे तुकडे तर एकदा हातात आले की कायमचे ओळखीचे होतात. इटली हा पायात घालावयाच्या लांब बुटासारखा दिसतो. चिली हा देश एखाद्या लांब पट्टीसारखा आहे. त्याची लांबी सुमारे ४,३०० किलोमीटर, पण रुंदी बहुतेक ठिकाणी २०० किलोमीटरच्या आतबाहेर. गॅम्बिया हा आफ्रिकेतील चिमुकला देश जिभेसारखा सेनेगल या देशात शिरलेला आहे. आणि दक्षिण आफ्रिकेचा तुकडा हाती घेतला, तर त्यात चक्क एक भोक आढळते! त्या भोकात लेसोथो नावाचा देश बसतो. त्याच्या चारही बाजूंना एकच शेजारी आहे.

तथापि तुकडे भराभर जुळविता येणे म्हणजे भूगोल येणे, असे मात्र नाही. जेन ऑस्टिन या प्रख्यात इंग्रज लेखिकेने १८१४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘मॅन्सफील्ड पार्क’ या कादंबरीत याविषयी एक मार्मिक प्रसंग आहे. फॅनी नावाची दहा वर्षांची गरीब मुलगी आपल्या श्रीमंत मावशीच्या घरी राहावयास येते. तिला युरोपचा नकाशा जुळविता येत नाही, म्हणून तिच्या मावसबहिणी तिला हसतात. गरिबाघरच्या मुलीने अशी महागडी वस्तू पूर्वी पाहिली तरी कोठून असणार? हा विचार त्या हसणाऱ्या मुलींच्या मनात येत नाही. कादंबरी पुढे वाचीत गेले म्हणजे कळते, की नकाशा जुळविणाऱ्या त्या बहिणींपेक्षा फॅनीचीच समज अधिक खोल होती. जे शिकले त्याचा अर्थ जाणून न घेता त्याची केवळ ऐट मिरविणे म्हणजे विद्या नव्हे.

हा अर्थ जाणून घ्यावयाचा कसा? त्याची गुरुकिल्ली तुकड्याच्या कडेतच आहे. तुकडा जागेवर बसला की ‘कोठे’ या प्रश्नाचे उत्तर मिळते. परंतु त्याची कड अशीच का, हा प्रश्न विचारला म्हणजे खऱ्या भूगोलास प्रारंभ होतो.

काही कडा वेड्यावाकड्या, नागमोडी असतात. त्या बहुधा निसर्गाने आखून दिलेल्या असतात. फ्रान्स आणि स्पेन या देशांच्या मध्ये पिरेनीज पर्वताची रांग उभी आहे. रुमानिया आणि बल्गेरिया यांच्यामधून बऱ्याच अंतरापर्यंत डॅन्यूब नदी वाहते. आपल्या महाराष्ट्रातही याची उदाहरणे आहेत. वर्धा आणि वैनगंगा या नद्यांच्या संगमापासून पुढे प्राणहिता हे नाव धारण करणारी नदी गडचिरोली जिल्हा आणि तेलंगण राज्य यांच्या सीमेवरून वाहत जाऊन सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते.

याउलट काही कडा पट्टीने आखल्यासारख्या सरळ असतात. ईजिप्त आणि लिबिया यांच्यामधील सीमा बहुतांशी एका रेखावृत्तावरून जाते. संयुक्त संस्थाने आणि कॅनडा यांची सीमा शेकडो कोस ४९ अंश उत्तर अक्षवृत्ताला धरून आहे. नदी किंवा डोंगर इतका सरळ कधीच जात नाही. अशी कड दिसली की समजावे, ती माणसाने टेबलाशी बसून कागदावर ओढलेली आहे. आफ्रिकेत अशा रेषा पुष्कळ आहेत. १८८४–८५ साली बर्लिन येथे युरोपातील राष्ट्रांची एक परिषद भरली आणि त्यानंतरच्या काळात त्या राष्ट्रांनी जवळजवळ संपूर्ण आफ्रिका खंड आपापसांत वाटून घेतले. त्या परिषदेत आफ्रिकेतील लोकांचा एकही प्रतिनिधी नव्हता. ज्यांची भूमी होती त्यांना न विचारताच रेषा ओढल्या गेल्या. त्यामुळे एकच भाषा बोलणारी माणसे कित्येक ठिकाणी दोन देशांत विभागली गेली. मघाशी उल्लेखिलेल्या गॅम्बिया देशाचा आकारही असाच घडला. गॅम्बिया नदीच्या दोन्ही तीरांवर इंग्रजांचा अंमल होता आणि भोवतालच्या प्रदेशावर फ्रेंचांचा.

काही कडांमागे युद्धाचा इतिहास असतो. दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हिया या देशाच्या तुकड्याला आज समुद्राची कड कोठेच नाही. पूर्वी त्याला पॅसिफिक महासागराचा किनारा होता. १८७९ साली सुरू झालेल्या युद्धात तो चिलीच्या हाती गेला. तेव्हापासून बोलिव्हियाला आपला माल परदेशी पाठवावयाचा झाल्यास दुसऱ्याच्या भूमीवरून न्यावा लागतो. तरीही त्या देशाने आपले नौदल मोडलेले नाही. ते टिटिकाका सरोवरात आणि नद्यांत संचार करते. लाकडाच्या तुकड्याची एक बाजू बदलली, एवढीच गोष्ट आपल्या दृष्टीस पडते. परंतु त्या बाजूवर एका राष्ट्राचा सारा व्यापार अवलंबून असतो.

सीमा बदलतात, म्हणून तुकड्यांचा नकाशाही जुना होतो. स्पिल्सबरीच्या नकाशात पोलंडचा तुकडा चांगला मोठा होता. परंतु १७७२, १७९३ आणि १७९५ या तीन साली रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या शेजाऱ्यांनी पोलंडची वाटणी केली आणि शेवटी तो देशच नकाशावरून नाहीसा झाला. पेटीत तुकडा होता, पण नव्या नकाशात त्याला जागा नव्हती. आपली भाषा आणि आपल्या देशाची आठवण पोलिश लोकांनी मात्र जपून ठेवली, आणि १९१८ साली पोलंड पुन्हा स्वतंत्र झाला.

भारताचा नकाशाही असाच बदलत आला आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा विदर्भ, मराठवाडा, कच्छ आणि सौराष्ट्र हे प्रदेश मुंबई राज्यात आले आणि तो एक प्रचंड तुकडा झाला. १ मे १९६० रोजी त्यातून महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये निर्माण झाली. गोवा तेव्हा परक्यांच्या ताब्यात होता. तो १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला आणि १९८७ साली त्याला राज्याचा दर्जा मिळाला. आज भारताच्या नकाशात २८ राज्ये आणि ८ केंद्रशासित प्रदेश आहेत. म्हणून तुकड्यांचा कोणताही नकाशा हाती घेतल्यावर तो कोणत्या वर्षाचा आहे, हे आधी पाहावे.

या खेळाच्या मर्यादाही ध्यानात ठेवल्या पाहिजेत. पृथ्वी गोल आहे आणि फळी सपाट. गोल वस्तूची साल सपाट पसरावयाची झाली, तर ती कोठे तरी ताणली जाणारच. जगाच्या पुष्कळ नकाशांत ध्रुवांजवळचे प्रदेश खऱ्याहून फार मोठे दिसतात. १५६९ साली मर्केटर याने खलाशांच्या सोयीसाठी जो नकाशा तयार केला, त्या पद्धतीच्या नकाशात ग्रीनलंड हे बेट जवळजवळ आफ्रिकेएवढे भासते. वास्तविक आफ्रिका त्याच्या सुमारे चौदापट आहे. तसेच अशा नकाशात आशियाचे ईशान्य टोक उजव्या कडेला आणि अमेरिकेचे अलास्का डाव्या कडेला येते. जुळविणाऱ्याला वाटते, की हे दोन प्रदेश एकमेकांपासून सर्वांत दूर आहेत. प्रत्यक्षात त्यांच्यामध्ये बेरिंगची सामुद्रधुनी आहे आणि अरुंद जागी तिची रुंदी अवघी ८५ किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणून तुकडे जुळवून झाल्यावर पृथ्वीचा गोल जवळ घेऊन पडताळा पाहणे अवश्य आहे. समुद्राचाही विसर पडू नये. पृथ्वीच्या पृष्ठभागाचे १०० भाग केले, तर त्यांपैकी सुमारे ७१ भाग पाणी आहे. स्पिल्सबरीच्या स्वस्त नकाशात समुद्र नव्हता. पण खऱ्या पृथ्वीवर समुद्र वगळून भूमीचे कोडे सुटत नाही.

असा नकाशा घरी किंवा शाळेतही सहज तयार करता येतो. त्यासाठी महोगनीची गरज नाही. महाराष्ट्राचा जिल्हावार नकाशा मोठ्या कागदावर उतरून घ्यावा. तो जाड पुठ्ठ्यावर खळीने चिकटवावा आणि सुरकुत्या पडू नयेत म्हणून वजनाखाली दाबून रात्रभर वाळू द्यावा. नंतर जिल्ह्यांच्या सीमांवरून कात्रीने कापावा, म्हणजे ३६ तुकडे होतील. प्रथम आपल्या जिल्ह्याचा तुकडा मध्ये ठेवून त्याला शेजारी जिल्हे लावीत जावे. उदाहरणार्थ, साताऱ्यापासून आरंभ केला, तर उत्तरेस पुणे, पूर्वेस सोलापूर, दक्षिणेस सांगली, पश्चिमेस रत्नागिरी आणि वायव्येस रायगड येईल. मग प्रत्येक कडेला प्रश्न विचारावा. साताऱ्याची पश्चिमेची कड तेथेच का आहे? कारण तेथे सह्याद्रीची रांग आहे. उत्तरेची कड नागमोडी का? कारण त्या बाजूने नीरा नदी वाहते. एवढे साधले, की तुकडे उपडे घालून, नावे न पाहता केवळ आकारावरून ते जुळविण्याचा प्रयत्न करावा. चार-पाच जणांनी तुकडे वाटून घेतल्यास अधिकच मौज येते. कारण एकाच्या हातातील तुकड्यावाचून दुसऱ्याचा तुकडा बसत नाही.

कडांना प्रश्न विचारण्याच्या या सवयीतून विज्ञानात केवढी मोठी क्रांती घडली, हेही जाणून घेण्यासारखे आहे. आल्फ्रेड वेगेनर हा जर्मन शास्त्रज्ञ हवामानाचा अभ्यासक होता. १९१० च्या सुमारास जगाचा नकाशा पाहत असता त्याच्या लक्षात आले, की दक्षिण अमेरिकेचा पूर्व किनारा आणि आफ्रिकेचा पश्चिम किनारा हे जणू एकाच फळीचे दोन तुकडे असावेत तसे एकमेकांना जुळतात. असे साम्य पूर्वीही काहींना दिसले होते. परंतु वेगेनर तेवढ्यावर थांबला नाही. फाटलेल्या वर्तमानपत्राचे दोन तुकडे खरोखर एकाच पानाचे आहेत काय, हे पाहावयाचे असेल, तर कडा जुळविल्यावर छापलेल्या ओळीही सलग लागतात की नाही हे तपासले पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. त्याने दोन्ही खंडांतील खडक, पर्वत आणि प्राचीन प्राण्यांचे व वनस्पतींचे अवशेष ताडून पाहिले. आणि त्या ‘ओळी’ खरोखरच सलग लागल्या!

ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या एका प्राचीन वनस्पतीच्या पानांचे ठसे दक्षिण अमेरिका, आफ्रिका, भारत, ऑस्ट्रेलिया आणि बर्फाच्छादित अंटार्क्टिका या सर्व ठिकाणच्या खडकांत सापडतात. आपल्या विदर्भातील कामठीच्या परिसरातील खडकांतही ते आढळले आहेत. हे सारे भूप्रदेश एके काळी एकत्र होते, याची ही साक्ष होय. त्या एकत्रित भूमीला भूगर्भशास्त्रज्ञ ‘गोंडवन’ या नावाने संबोधितात, आणि ते नाव मध्य भारतातील गोंड लोकांच्या प्रदेशावरून घेतलेले आहे.

खंडे एकमेकांपासून दूर सरकत गेली, हे आपले मत वेगेनरने १९१२ साली विद्वानांपुढे मांडले आणि १९१५ साली त्यावर ग्रंथ लिहिला. परंतु एवढी प्रचंड भूमी कोणत्या शक्तीने सरकते, हे त्याला समाधानकारकपणे सांगता आले नाही. त्यामुळे बहुतेक विद्वानांनी त्याचे मत झिडकारले. १९३० साली ग्रीनलंडच्या बर्फात संशोधन करीत असता त्याचा अंत झाला. पुढे महासागरांच्या तळाचा अभ्यास झाला आणि १९६० नंतरच्या दशकात खंडे सरकतात ही गोष्ट सर्वमान्य झाली. भारताचा तुकडाही त्या प्राचीन भूमीपासून सुटून उत्तरेकडे सरकत गेला आणि सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियाला जाऊन भिडला. त्या धडकेतूनच हिमालय वर उचलला गेला.

कड जुळते हे ध्यानात येण्यास तीक्ष्ण नजर पुरे. ती का जुळते हे शोधण्यास मात्र धीर, परिश्रम आणि उपहास सोसण्याची तयारी लागते. नकाशाच्या प्रत्येक तुकड्याच्या कडेवर कोठे नदी वाहत असते, कोठे पर्वत उभा असतो, कोठे एखादा तह झालेला असतो, तर कोठे एखाद्या लोकसमूहाचे दुःख गोठलेले असते. ती कड वाचावयास जो शिकला, त्याला जगाच्या नकाशात नुसते रंग दिसत नाहीत. त्याला पृथ्वीचा आणि तिच्यावर राहणाऱ्या माणसांचा इतिहास दिसू लागतो.